नातवाचा ताबा मागताय? या चुका टाळा

"वकीलसाहेब, आमच्याकडे लेखी आहे." हे ऐकलं की मी आधी चहा सांगतो, कारण पुढचा अर्धा तास समजूत काढण्यात जाणार असतो. लेखी म्हणजे स्टॅम्पपेपर. पूर्वी शंभराचा असायचा, आता पाचशेचा. 'मुलावर माझा कसलाही हक्क राहिलेला नाही' असं सुनेने लिहून दिलेलं, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. झाला नातू आपला! अहो, मूल म्हणजे गुंठाभर जमीन नव्हे खरेदीखत करून घ्यायला. हिंदू कुटुंबात बाप गेला की आई नैसर्गिक पालक, असं 1956 चा कायदा सांगतो. तिने दुसरं लग्न केलं म्हणून ते आपोआप संपत नाही.

एका आजीआजोबांचं सांगतो. मुलगा अपघातात गेला. सून चार वर्षांच्या पोराला ठेवून, असाच कागद देऊन माहेरी गेली, पुढे लग्न केलं. पाच वर्षांनी नुकसानभरपाई मुलाच्या नावे जमा झाली आणि ताब्याचा अर्ज आला. आजोबा दर तारखेला तो स्टॅम्पपेपर प्लास्टिकच्या पिशवीतून आणायचे. कोर्टाने एकदा वाचला नि बाजूला ठेवला. मी विचारलं, घरात आणखी काय आहे? दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, फीच्या पावत्या आणि चार वर्षांची प्रगतीपुस्तकं. 'पालकाची सही' या रकान्यात प्रत्येक चाचणीला आजीचा निळा अंगठा. ताबा त्या अंगठ्यांनी मिळवला. आईला रविवारची भेट मिळाली, तीही योग्यच होती. तेव्हापासून मी आधी डबा मागतो, वकीलपत्र नंतर.

अर्ज आपल्या गावच्या कोर्टात टाकायचा नसतो. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे मूल जिथे नेहमी राहतं तिथेच. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात.

जावई कामावर गेलेला पाहून नातीला शाळेच्या गेटवरून उचलून आणू नका. पुढचं सगळं प्रकरण त्या एका दुपारभोवती फिरतं.

"हेबियस कॉर्पस टाकू, पंधरा दिवसांत मूल घरी," असं सांगणारे भेटतात आणि घाईतल्या माणसाला ते आवडतं. हेबियस कॉर्पस म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका. मूल बेकायदा ठेवलं असेल तर तो रस्ता आहेच. पण समोर सख्खा बाप असेल, तर मूल बेकायदा ठेवलंय हे दाखवणार कसं? सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हाच मार्ग वापरून मूल मावश्यांकडून बापाकडे दिलं. म्हणजे हे हत्यार बहुतेकदा आपल्याच अंगावर येतं. बाप धडधाकट, नीट वागणारा असेल तर मी सरळ भेटीचे दिवस मागायला सांगतो. काही जण रागावून दुसरा वकील गाठतात.

पेन्शन कमी म्हणून मात्र खचू नका. कोविडमध्ये आईबाप गेलेल्या अहमदाबादच्या मुलाचा ताबा 2022 मध्ये मावशीऐवजी वडिलांच्या आईवडिलांना मिळाला. फक्त उत्पन्नावर हे ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं.

आणि पोराला पढवणं बंद करा, हात जोडतो. मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून विचारतात. एका नातवाने आत जाताच घडाघडा म्हटलं, "माझं कल्याण आजीकडेच आहे." मॅडमनी विचारलं, "कल्याण म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "ठाण्याच्या पुढचं स्टेशन." मॅडम हसल्या, पण नंतर त्याने आपणहून सांगितलेल्या खऱ्या गोष्टींचंही वजन गेलं. आजीच्या हातच्या गूळपोळीचं तो सांगत होता, ती पढवलेली नव्हती.

शेवटचं, जे कुणालाच बोलायचं नसतं. तुम्ही 71, नातू 6. "तुमच्यामागे कोण?" हा प्रश्न येणारच. आत्या किंवा काका तयार असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच लावा, आणि पहिल्या तारखेला त्यांना बरोबर घेऊन या.