कमरेत उसण भरते कशी, आणि भरल्यावर आपण काय चुकतो

पहाटे नळाला पाणी येतं. अंथरुणातून उठायचं आणि थेट वाकून भरलेली बादली उचलायची, ही पहिली चूक. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठल्यावर निदान अर्धा-पाऊण तास जड उचलू नका. पाणी थांबणार नसेल, तर एका गच्च बादलीऐवजी दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत घ्या.

दुसरी चूक सिलिंडरची. आत गॅस 14.2 किलो असला तरी टाकीसकट वजन 30 किलोच्या आसपास जातं. तो हात लांब करून उचलायचा आणि तसंच कंबर वळवून ओट्याखाली सारायचा, हे कमरेला सर्वांत महागात पडतं. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरवर असतात. ओझं हातभर लांब गेलं की ते पेलायला त्यांना वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. म्हणून गुडघे वाकवा, ओझं पोटाशी धरा, आणि वळायचं तर पावलं वळवा. सिलिंडर मुळात उचलायचाच कशाला? तिरपा करून काठावर गोल फिरवत नेला तरी जागेवर पोचतो.

एवढं करूनही उसण भरलीच, तर पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाकडून पाय लावून घेण्याची रीत अजून आहे. नुसता स्पर्श असेल तर एक वेळ ठीक, पण लाथ किंवा हिसका नकोच. दुखऱ्या जागी रगडून मालीशही नको. शेक चालेल.

आठवडाभर अंथरुणाला खिळून राहणं मात्र मला यापेक्षाही वाईट वाटतं. आपल्याकडे घरची माणसं मायेपोटी उठूच देत नाहीत. पडून राहिल्याने स्नायू आणखी आखडतात. एखादा दिवस आराम करा, मग सोसेल तेवढं घरातल्या घरात चाला. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. कमरेचा पट्टाही महिनोन्‌महिने बांधू नका.

एमआरआयची घाईही नको. काहीच दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येसुद्धा झिजलेली किंवा फुगलेली चकती दिसते, आणि अहवाल वाचूनच माणूस वाकायला घाबरू लागतो.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, पडल्या-झडल्यानंतर दुखू लागलं किंवा सोबत ताप असला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीची तक्रार किंवा बधिरपणा असेल तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा. तिथे काही तासांचा उशीरही कायमचा नडू शकतो.