शैलीचा शेरा बाजूला ठेवून मुलांचा अभ्यास कसा घ्यावा

अमळनेर तालुक्यातील माझ्या वर्गात नववीचा एक मुलगा मला म्हणाला, "सर, मी बघून शिकणारा आहे, मला कविता पाठ होणार नाही." कुठल्याशा शिबिरात प्रश्नावली भरून घेऊन त्याला तसे सांगण्यात आले होते. ते बोलणे माझ्या जिव्हारी लागले.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना पहिली विनंती अशी की, मुलावर असा शेरा मारू नये. न्यूझीलंडचे शिक्षक नील फ्लेमिंग यांनी शिकण्याच्या शैलींची बघणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करणे अशी विभागणी मांडली व ती शाळाशाळांत पोहोचली. मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात, हे खरेच आहे. परंतु आवडीच्या पद्धतीने शिकवल्यास मूल अधिक शिकते का, याचे पुरावे मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तपासले, तेव्हा त्या दाव्याला पुरेसा आधार सापडला नाही.

शिकवण्याची रीत धड्यावरून ठरवावी. तापीचे खोरे शिकवताना नकाशा सगळ्यांनीच पाहावा आणि काढावा, कविता सगळ्यांनीच ऐकावी आणि मोठ्याने म्हणावी. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला नवी कल्पना आधी अहिराणीत सांगू द्यावी, पुस्तकी शब्द त्यावर चढवावा.

यापुढचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक घरांत राहून जाते. धडा एकदा नीट वाचून झाला की पुस्तक मिटायला लावावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहायला सांगावे. त्याच मुलाने तापी काढली तेव्हा गिरणा, बोरी आणि पांझरा दक्षिणेकडून बरोबर येऊन मिळाल्या, पण अनेरही त्याने दक्षिणेकडूनच आणली. पुस्तक उघडल्यावर त्याने ती रेघ खोडली आणि लाल पेन्सिलीने सातपुड्यातून खाली उतरवली. आठ दिवसांनी पुन्हा कोरा कागद दिला, तेव्हा अनेर आपल्या जागी होती.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के आठवले, तर एकदाच वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पाच मिनिटांनंतर मात्र वारंवार वाचणारेच पुढे होते, आणि म्हणूनच नुसत्या वाचनाने अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

अशी उजळणी दुसऱ्या दिवशी, चार-पाच दिवसांनी आणि पुन्हा पंधरवड्याने घ्यावी. दरम्यान थोडे विसरले तर घाबरू नये. गणितात, मूळ रीत समजल्यानंतर, शंकू, वृत्तचिती आणि गोल यांची उदाहरणे मिसळून द्यावीत, कारण कोणते सूत्र कुठे लावायचे हे ओळखण्याचा सराव एकाच प्रकारची वीस उदाहरणे सोडवून होत नाही.

घरी रात्री "अभ्यास झाला का?" असे विचारण्याऐवजी "आज काय शिकलास ते पुस्तक न बघता सांग" असे म्हणावे. आई-वडील शिकलेले नसले, दिवसभर कापूस वेचून थकलेले असले, तरी दहा मिनिटे पुस्तक आपल्या हाती धरून त्यांना हे ऐकता येते, आणि सांगून झाल्यावर मूल तेच पुस्तक मागून घेऊन आपले उत्तर ताडून पाहू शकते.