रंगमंचावरच्या नटाने घरून सेल्फ-टेप कशी करावी

हल्ली इंदूरच्या मुलांना ऑडिशनसाठी मुंबई गाठावी लागत नाही. कास्टिंगवाले दोन पानांचा सीन व्हॉट्सॲपवर टाकतात, आपण मोबाईलवर शूट करून पाठवायचा. मी इथे हौशी मराठी नाटकं बसवते, त्यामुळे तालीम सुटली की कुणी ना कुणी फोन पुढे करतंच, "ताई, बघा ना, जमलंय का?" काम चांगलं असतं, पण शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचावं असं. मोबाईलमध्ये आजोबा नसतात.

सीन हातात आला की पाठांतराआधी अमेरिकन अभिनेत्री स्टेफनी शूचं काम बघा. आई तैवानची, स्वतः वाढली कॅलिफोर्नियात, शिकली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूलमध्ये. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, स्पंजबॉब या कार्टूनच्या संगीत नाटकात तिने कॅरन नावाचा कॉम्प्युटर केला. म्हणजे बाई आपल्यासारखीच, रंगमंचावरची. २०२२ च्या 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' या सिनेमासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्यात सुरुवातीला एक प्रसंग आहे. जॉय, म्हणजे शूचं पात्र, आपल्या प्रेयसीची आजोबांशी ओळख करून द्यायला जाते, चिनी शब्द आठवत नाहीत, तेवढ्यात आई मध्येच सांगून टाकते की ही जॉयची 'चांगली मैत्रीण'. हा तुकडा आवाज बंद करून बघा. जॉयला त्या क्षणी वाक्यच नाही, तरी सीन तिचाच होतो. पुढे त्याच सिनेमात जोबू तुपाकी, म्हणजे जॉयचंच दुसऱ्या विश्वातलं रूप, म्हणून ती भडक कपड्यांत अक्षरशः धुमाकूळ घालते, तिथे रंगमंचाचा सगळा दारूगोळा बाहेर निघतो. तेव्हा मोठा अभिनय कॅमेऱ्याला चालत नाही, हे ऐकीव ज्ञान सोडून द्या.

आता आपला सीन. एकदा व्हरांड्याच्या या टोकावरून त्या टोकाला म्हणा, एकदा जेवायच्या टेबलापलीकडच्या माणसाला, एकदा शेजारी बसलेल्याच्या कानाशी. आवाज उतरला तरी त्यातली निकड उतरू द्यायची नाही, खरी मेहनत तिथेच आहे. टेप बहुतेकदा टेबलाच्या मापाची करायची.

भिंत कोरी हवी, कालनिर्णय काढून ठेवा. खिडकी तुमच्या तोंडासमोर, पाठीमागे नाही. फोन आडवा, पुस्तकांच्या चळतीवर, डोळ्यांच्या उंचीला. फ्रेम छातीपासून वर. समोरची वाक्यं वाचणारा फोनला अगदी लागून उभा राहील आणि तुम्ही त्याच्याकडे बघायचं. लेन्समध्ये बघायचं ते फक्त नाव, वय, उंची, गाव सांगताना. वाचणाऱ्याला दबक्या आवाजात वाचायला सांगा, माइक त्याच्या जवळ असतो. आणि वाचायला दादाला घेऊ नका, तो हसतो.

पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण त्याची घरघर टेपवर ऐकू येतेच. दोन टेकच्या मध्ये लावा, घाम टिपा. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीतून जाऊ द्या आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करा. स्वच्छतेत पहिला नंबर काही फुकट मिळत नाही!

दोनच टेक पाठवा, आणि दोन्ही एकमेकांपासून खरंच वेगळे असू द्या. फाइलला नाव द्या, नाहीतर तिकडे तुमच्यासारखे पन्नास 'व्हिडिओ १' पडलेले असतात.

पाठवल्यावर उत्तराची वाट बघत नाटक सोडू नका. शूने २०१५ मध्ये न्यू जर्सीतल्या टू रिव्हर थिएटरला 'बी मोर चिल' या संगीत नाटकात क्रिस्टीन केली, नाटकाच्या तालमींवर जीव टाकणारी शाळकरी मुलगी. प्रयोग संपले, पण गाण्यांचा अल्बम इंटरनेटवर पोरांनी डोक्यावर घेतला. २०१८ मध्ये नाटक ऑफ-ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्याच लहान नाट्यगृहात, आलं, २०१९ मध्ये ब्रॉडवेला, आणि दोन्हीकडे क्रिस्टीन तीच. म्हणून माझ्याकडे साधा नियम आहे: टेप करायची तर तालमीची वेळ सोडून. दांडी मारलीत तर भूमिका दुसऱ्याला जाईल.