गणपतीला घर उघडल्यावर फ्लशची टाकी गळू लागली तर

मे महिन्यात बंद केलेले घर गणपतीच्या दोन दिवस आधी उघडावे, पंप लावून वरची टाकी भरून घ्यावी आणि पाणी नेहमीपेक्षा लवकर संपू लागावे, हा अनुभव कोकणातल्या अनेक चाकरमान्यांच्या ओळखीचा आहे. अशा वेळी सर्वांत आधी संडासातली फ्लशची टाकी तपासावी. भांड्यात उतरणारी धार इतकी बारीक असते की ती सहसा दिसत नाही आणि तिचा आवाजही येत नाही. पण वीस मिनिटांत एक लिटर या हिशेबाने दिवसाला 72 लिटर पाणी जाते आणि 500 लिटरची टाकी आठवडाभरात रिकामी होते. वाऱ्यापावसात झाडाची फांदी तारांवर पडून दोन दिवस लाइट नसली, तर हेच पाणी आपल्याला हवे असते. सणाच्या दिवसांत प्लंबर मिळणे कठीण असले तरी हे काम बहुधा एका रबरी वॉशरचे असते आणि ते घरच्या घरी जमण्यासारखे आहे.

गळती नेमकी कुठून होते हे ठरवल्याशिवाय काहीही उघडू नये. आमच्या घरी मी घाईने नवा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की येणारे पाणी बंद करणारा भाग, आणून बसवला आणि गळती तशीच राहिली, कारण दोष तळाच्या वॉशरमध्ये होता. टाकी भरल्यावर आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करावी, अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीतला छोटा नळ) बंद करावा आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. पाणी खुणेच्या खाली उतरले आणि बाहेर फरशी कोरडी असेल, तर तळाचा वॉशर पाणी धरत नाही. पाणी खुणेवरच राहिले, पण कॉक उघडल्यावर भांड्यात पाणी वाहू लागले, तर फ्लोट व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जाते. तरीही शंका राहिली तर कॉक बंद ठेवून टाकीत कपड्यांच्या निळीचे चार-पाच थेंब टाकावेत. अर्ध्या तासाने भांड्यात निळसर छटा उतरलेली दिसली की तळाच्या गळतीची खात्री होते.

अँगल कॉकच्या बाबतीत मात्र सावध राहावे. खाऱ्या हवेत आणि लोहयुक्त पाण्यात वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो आणि पाना लावून जोर केला तर तो भिंतीतल्या आट्यांपाशी तुटतो. हाताने फिरत नसेल तर तो तसाच सोडून वरच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.

तळाचा वॉशर बदलण्यासाठी फ्लश करून टाकी रिकामी करावी आणि उरलेले पाणी फडक्याने टिपून घ्यावे. दोन बटणांच्या टाकीत मधला उभा भाग बहुधा डावीकडे पाव वळसा फिरवला की वर उचलून येतो. त्याच्या बुडाला रबराची किंवा सिलिकॉनची चपटी कडी असते, तोच हा वॉशर. जांभ्याच्या भागातल्या अनेक विहिरींच्या पाण्यात लोह असते, त्यामुळे या कडीवर आणि ती जिथे टेकते त्या कडेवर तांबूस, बुळबुळीत थर बसतो आणि बोट फिरवले की बोट गेरूसारखे माखते. पुष्कळदा दोष एवढाच असतो. वॉशर पाण्यात चोळून धुवावा, कड मऊ फडक्याने पुसावी. तिथे ब्लेड किंवा पॉलिश पेपर लावू नये, कारण बारीक ओरखड्यातूनही पाणी वाट काढते. बंद घरात टाकी सुकली की रबर कडक होते. वॉशर वाकवून पाहिल्यावर बारीक तडे दिसले तर तो बदलावा आणि दुकानात जाताना जुना वॉशर सोबत न्यावा, कारण प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असते.

फ्लोट व्हॉल्व्हचा दोष असेल तर आधी पाण्याची पातळी पाहावी; ती ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून साधारण दोन सेंटिमीटर खाली असावी. प्लास्टिकच्या व्हॉल्व्हला त्यासाठी स्क्रू असतो, तर जुन्या पितळी बॉलकॉकची दांडी बेताने खाली वाकवावी लागते. बॉल काढून कानाशी हलवावा. आत पाणी खळखळले तर तो बदलण्यावाचून उपाय नाही. पातळी बसवूनही पाणी थांबत नसेल तर कॉक बंद करून व्हॉल्व्हची टोपी काढावी आणि आतल्या पडद्यात अडकलेली वाळू धुऊन टाकावी. पंप नुकताच चालू केलेल्या घरात विहिरीच्या तळाचा गाळ नेमका इथेच येऊन बसतो.

फरशी ओली असेल तर कनेक्शन पाइपची नटे आणि टाकी भांड्याला धरणारे बोल्ट पाहावेत. नटातला वॉशर बदलला की पुरते. बोल्ट आवळताना दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूला ताण आला की चिनी मातीला तडा जातो आणि तो सांधत नाही. लोखंडी बोल्ट गंजलेले असल्यास त्यांच्या जागी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घालावेत.

काम झाल्यावर पेन्सिलीची खूण पुन्हा करावी आणि रात्री सगळे झोपल्यावर कॉक बंद ठेवून सकाळी पाणी त्याच रेषेवर आहे का ते पाहावे. विसर्जनानंतर घर बंद करताना अँगल कॉक बंद करून फ्लशची टाकी रिकामी करावी आणि एक जादा वॉशर त्याच मापाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवून द्यावा.