स्थानिक नियोजनात लोकसंख्येचे कल कसे वापरावेत

वस्तीचा किंवा लहान शहराचा आराखडा करताना सर्वप्रथम एकूण लोकसंख्या विचारली जाते. नियोजनाच्या दृष्टीने तो सर्वांत कमी बोलका आकडा असतो. दोन ठिकाणची लोकसंख्या सारखी असली, तरी एकीकडे पाळणाघराची निकड असेल आणि दुसरीकडे वृद्धांच्या शुश्रूषेची. म्हणून आरंभ वयोगटांच्या तक्त्याने करावा: पाच-पाच वर्षांचे गट, स्त्री-पुरुष स्वतंत्र, आणि लागोपाठच्या दोन जनगणनांचे आकडे शेजारी शेजारी.

हे तक्ते हाती असले की हॅमिल्टन आणि पेरी यांनी १९६२ साली मांडलेली, भावी लोकसंख्येचा वयोगटवार अंदाज काढण्याची रीत लहान क्षेत्राला बहुधा पुरते. समजा, आधीच्या जनगणनेत १० ते १४ वयाची २०० मुले होती आणि दहा वर्षांनी २० ते २४ वयाच्या १५० व्यक्ती आढळल्या, तर त्या गटाचे गुणोत्तर ०.७५ झाले. ताज्या जनगणनेतील १० ते १४ वयाच्या मुलांची संख्या या गुणोत्तराने गुणली की पुढील दशकाअखेरच्या तरुणांचा अंदाज मिळतो. मृत्यू आणि स्थलांतर या दोहोंचा परिणाम एकाच गुणोत्तरात सामावतो, हे या रीतीचे बळ आणि तीच तिची मर्यादा. मधल्या काळात मोठा कारखाना सुरू झाला किंवा बंद पडला असेल, तर ते गुणोत्तर जसेच्या तसे पुढे नेऊ नये. दहा वर्षांखालील मुले आधीच्या जनगणनेत नसतातच. त्यांचा अंदाज प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांशी असलेल्या त्यांच्या प्रमाणावरून वेगळा काढावा लागतो.

याच्या जोडीला कुटुंबाचा सरासरी आकार तपासावा. १,२०० लोकांची वस्ती पाच जणांच्या कुटुंबांत राहत असेल तर २४० घरे लागतात, चार जणांच्या कुटुंबांत ३००. म्हणजे एकही माणूस न वाढता साठ नळजोडण्या वाढतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे आणि घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणही पाहावे, कारण सेवेची मागणी डोक्यांच्या संख्येपेक्षा राहणीवर अधिक अवलंबून असते. टक्केवारी मात्र जपून वापरावी: चार मुलांची सहा झाली तरी ‘पन्नास टक्के वाढ’ दिसते.

अंदाज कमी, मध्यम आणि जास्त असे तीन ठेवावेत आणि प्रत्येक प्रस्ताव तिन्हींवर पारखावा. शाळेची इमारत पन्नास वर्षे टिकते, मुलांची लाट मात्र पंधरा वर्षांत ओसरू शकते. त्यामुळे जास्त अंदाजावरच तगणाऱ्या कायम बांधकामाऐवजी पुढे अन्य वापरास देता येतील अशा खोल्या बांधणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पुढच्या जनगणनेची वाट पाहत न बसता दरवर्षी जन्मनोंदणी आणि पहिलीतील प्रवेश मध्यम अंदाजाशी ताडून पाहावेत. सलग काही वर्षे फरक एकाच दिशेने पडत राहिल्यास गुणोत्तरे नव्याने काढावीत.