कुत्र्याच्या कुळाची बखर कशी तपासावी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज सकाळी दोन प्रश्न ठरलेले. "किती खातो हो?" आणि "कुठली जात?" ग्रेट डेन म्हटलं की कुणीतरी जाणकार पुढे होतोच, "पाच हजार वर्षांची जात आहे, इजिप्तमध्ये चित्रं आहेत याची." लेकीने बाळूला, आमच्या ग्रेट डेनला, आणलं तेव्हा विकणाऱ्यानेही हेच ऐकवून पाच हजार जास्त घेतले होते. म्हणजे वर्षाला रुपया.

मी सगळी नोकरी रेकॉर्ड विभागात काढली. कुणी दावा केला की कागद मागायची सवय जात नाही. तुमच्याकडेही असा धिप्पाड कुत्रा असेल, तर त्याचं घराणं असं तपासा.

आधी विचारायचं, जुनं नेमकं काय आहे? नाव, चित्र की रक्त? सांगणारा या तिन्हींची मिसळ करून वाढतो. नावापासून सुरुवात करा, ते सोपं. 'डेन' म्हणजे डेन्मार्कचा, असं वाटतं ना? 'मोठा डॅनिश' हे नाव अठराव्या शतकात ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने वापरलं. जात घडवली जर्मनांनी. रानडुकरांच्या शिकारीची मोठाली कुत्री तिकडे वेगवेगळ्या नावांनी ओळखली जायची. १८७८ साली बर्लिनला मंडळी बसली आणि सगळ्यांना 'डॉइचे डॉगे', म्हणजे जर्मन मास्टिफ (थोराड बांध्याचा कुत्रा), या एकाच नावाखाली आणलं. १८८० साली त्याची मापं-लक्षणं कागदावर आली. आपल्याला हवा तो कागद हा. कुठल्याही जातीचा असा पहिला कागद शोधा. पुष्कळदा तो एकोणिसाव्या शतकातच सापडतो. आयरिश वुल्फहाउंड या जातीचंही तेच. कीर्ती जुनी, पण जात संपत आलेली. कॅप्टन ग्रॅहम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६० च्या दशकापासून उरलेल्या कुत्र्यांत डीअरहाउंड, ग्रेट डेन वगैरे मिसळून ती पुन्हा उभी केली.

मग चित्र. इथे घाई करू नका. निनेव्हच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळच्या, अशुरबानिपाल राजाच्या महालातले शिल्पपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, इ.स.पू. ६४५ च्या सुमाराचे. फोटो मोबाइलवर मोठा करून बघा. माणसं दोरी आवळून धरतायत आणि कुत्री पुढे ओढतायत. मान बघा: आखूड, जाड. तोंडावर वळ्या. आता बाळूकडे बघा: लांब, छिन्नीने काढल्यासारखं डोकं, उंच पाय. नर किमान ८० सेंटीमीटर हवा. बैलाला वशिंड असतं त्या जागेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. बाळू ८४ भरला, तोही टेप चावायचं थांबल्यावर. निनेव्हचं कुत्रं थोराड होतं हे खरं, पण थोराड असणं म्हणजे नात्यात असणं नव्हे. इजिप्तच्या चित्रांतली बरीचशी शिकारी कुत्री तर सडपातळच.

जुन्या ग्रंथांत मी स्वतः घसरलो. हिरोडोटस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार लिहितो की बॅबिलोनच्या क्षत्रपाकडे, म्हणजे सुभेदाराकडे, भारतीय कुत्री इतकी होती, की त्यांचं खाणं पुरवण्यासाठी चार मोठी गावं लावून दिली होती आणि त्यांना बाकी कर माफ. कुत्र्यांना इनाम गावं! दोन दिवस मी कट्ट्यावर छाती काढून सांगत होतो, बाळू मूळचा आपलाच. मग वाक्य परत वाचलं. त्यात 'भारतीय' आहे. रंग नाही, उंची नाही, पुढच्या पिढ्या तर नाहीतच. तेव्हा उतारा स्वतः, शब्दन् शब्द वाचा. आणि नंतर जोडलेलं काय आहे, ते पेन्सिलने खोडा.

रक्ताचं थोडक्यात. केनेल क्लबचं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र मोजक्याच पिढ्या दाखवतं, पाच हजार वर्षं नव्हे. डीएनए चाचणीतून जातींची नाती कळतात, मोठ्या युरोपीय मास्टिफांशी वगैरे. पण तीही पिरॅमिडापर्यंत नेऊन सोडत नाही.

या खटाटोपात मला एक खरं जुनं हाती लागलं. निनेव्हच्या त्याच महालात, दाराजवळ पुरलेली मातीची पाच चिमुकली कुत्री सापडली आहेत, वाईटाला घराबाहेर ठेवण्यासाठी. प्रत्येकावर नाव कोरलेलं. एकाचा अर्थ, "विचार करू नकोस, चाव!"

लेकीने ते बाळूच्या पट्ट्यावर लिहून घेतलंय. कुकरची तिसरी शिट्टी झाली की तो पट्ट्यासकट पलंगाखाली शिरतो आणि निम्मा बाहेर राहतो.