ऑपरेशनला जाण्यापूर्वी कृत्रिम नखे कशी काढावीत

नाशिकमध्ये लग्नसराईत किंवा डोहाळजेवणाच्या निमित्ताने कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या पार्लरमध्ये नेल एक्सटेन्शन करून घेतले जाते आणि काही आठवड्यांतच सिझेरियनची तारीख ठरते, तेव्हा नखांचा विचार बहुतेक वेळा दवाखान्यात दाखल होताना केला जातो. तो निदान दोन दिवस आधी करावा.

भूल दिलेली असताना रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण बोटाला चिमट्यासारख्या लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर सतत पाहिले जाते. हे यंत्र तांबडा व अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश नखातून आरपार पाठवून आकडा काढते. त्यामुळे निळ्या, हिरव्या वा काळ्या रंगाचा दाट थर किंवा चिमट्यात नीट न बसणारे लांब नख असेल, तर आकडा चुकण्याची किंवा मुळीच न दिसण्याची शक्यता असते. नाशिकच्या डिसेंबरातील थंडीत बोटे गार पडली की रक्तप्रवाह मंदावून यंत्र आधीच कुरकुरते, त्यात ही भर कशाला? शिवाय नख निळसर पडले आहे का, दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत त्याचा गुलाबी रंग परत येतो का, हे डॉक्टर डोळ्यांनीही पाहतात.

जेल किंवा अ‍ॅक्रिलिक नखे पार्लरमध्येच काढून घेणे उत्तम, कारण हार्ड जेल (जेलचा कडक प्रकार) अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात, विरघळत नाही आणि ते घासूनच काढावे लागते. अ‍ॅक्रिलिक घरी काढायचे असल्यास वरची चमक कानशीने घासावी, भोवतीच्या त्वचेला व्हॅसलीन लावावे, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून त्यावर फॉइल गुंडाळावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी मऊ झालेला थर लाकडी काडीने हलकेच सारावा. तो सुटत नसेल तर पुन्हा भिजवावे. ओढून काढल्यास मूळ नखाचे पापुद्रे निघतात. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेते, म्हणून गॅसची शेगडी आणि देवघरातील समई यांच्यापासून दूर, खिडकी उघडून बसावे. वॉर्डातील खाटेवर हे काम करू नये. शेवटी साबणाने हात धुऊन नखे आखूड कापावीत.

काढलेल्या नखाखाली हिरवट डाग, सूज किंवा पू आढळल्यास तो झाकू नये, ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना दाखवावा. ऑपरेशन हाताचेच असेल तर त्या हाताची सर्व नखे काढावीत. इतर ऑपरेशनसाठी एक-दोन बोटे मोकळी ठेवली तरी काही ठिकाणी चालते, पण हे आधी भूलतज्ज्ञांना विचारून ठरवावे. पायाच्या नखांवरील रंगही पुसावा, कारण चिमटा कधी पायाच्या बोटालाही लावतात.

अचानक दाखल व्हावे लागल्यास नखांपायी उपचार लांबवण्याचे कारण नाही. सिस्टरांना नखांची कल्पना द्यावी, म्हणजे चिमटा आडवा बसवणे किंवा कानाच्या पाळीवरचा सेन्सर वापरणे असे पर्याय त्यांच्याकडे असतात.